फळीवरचा पादचारी

चेन्नईच्या दक्षिणेस असलेले शोळिंगनल्लूर 2011 पर्यंत महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी खोदावयास घेतलेला बकिंगहॅम कालवा त्याच्या जवळूनच जातो. एके काळी या कालव्यातून मीठ आणि सरपण होड्यांनी मद्रासेस जात असे. आज जुन्या महाबलीपुरम् रस्त्याचा सहापदरी राजीव गांधी मार्ग झाला आहे, आणि त्याच्या दुतर्फा संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत. अशा रस्त्याच्या कडेला पायी चालणारा, सायकलस्वार आणि क्वचित चाकांच्या फळीवर उभा राहून जाणारा मुलगा यांना एकाच चिंचोळ्या पट्टीत वाट काढावी लागते. यांपैकी शेवटच्या दोघांची टक्कर झाली, तर फळीवरून पडलेला तो मुलगा वाहनचालक समजावयाचा की पादचारी?

ही स्केटबोर्ड नावाची फळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची. समुद्र शांत असे तेव्हा लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी विसाव्या शतकाच्या मध्यास फळीला रोलर-स्केटची चाके जडविली आणि रस्त्यालाच समुद्र मानले. आपल्याकडील मुले निकामी बेअरिंगांवर फळी ठोकून जो गाडा करीत, तो तिचाच चुलत भाऊ म्हणावयास हरकत नाही. मात्र गाड्यावर बसावयाचे असते, फळीवर उभे राहावयाचे. आणि हाडांच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे. 1970 नंतर युरेथेनची चाके आली, वेग वाढला, आणि वेगामागोमाग दुखापतीही आल्या. नॉर्वेने तर 1978 मध्ये फळीवर बंदीच घातली. ती 1989 पर्यंत टिकली. पुढे हाच खेळ 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला गेला.

सायकलला ब्रेक असतो, घंटा असते. फळीला दोन्ही नाहीत. दोघेही जवळजवळ नि:शब्द येतात. टक्कर होताच फळी पायांखालून निसटते आणि कित्येकदा सायकलच्याच चाकाखाली जाते. मग सायकलस्वारही कोसळतो. पडणारा मनुष्य स्वभावत: हात पुढे टाकतो, म्हणून मनगट मोडण्याचे प्रमाण मोठे, आणि शिरस्त्राण नसेल, तर खरे भय डोक्याचे.

अशा दुखापतींची जगभर एकाच रीतीने नोंद व्हावी, ही खटपट जुनी आहे. मृत्यूच्या कारणांची सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम 1853 च्या ब्रुसेल्स परिषदेने विल्यम फार आणि मार्क देस्पीन यांच्यावर सोपविले. पॅरिसच्या झाक बर्तियाँ यांनी 1893 साली शिकागो येथे आपले वर्गीकरण मांडले, आणि 1948 च्या सहाव्या आवृत्तीपासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आले. 1990 मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. बाबागाडी, चाकांची खुर्ची, रोलर-स्केट यांच्याच पंक्तीला तिने फळी बसविली आणि तिच्यावरील मनुष्यास पादचारी ठरविले. अमेरिकेने 2015 पासून वापरात आणलेल्या विस्तारित आवृत्तीत तर ‘फळीवरील पादचाऱ्यास रहदारीबाहेरील अपघातात सायकलच्या टकरीने झालेली दुखापत’ यासाठी ‘व्ही 01.02’ असा स्वतंत्र संकेतांकच आहे. या सूक्ष्मपणाचे हसू येईल. परंतु ज्या नोंदवहीत रकानाच नाही, तिला ती जखम दिसणार कशी?

आपल्या केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा वार्षिक रस्ते-अपघात अहवाल पोलिसांच्या नोंदींवर रचला जातो. त्यात पादचारी आहेत, सायकलस्वार आहेत; फळीला निराळे स्थान नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे, तेव्हा तेथेही तिला प्रवेश नाही. दोन मुले एकमेकांवर आदळली, एकाचे मनगट मोडले आणि घरच्यांनी प्लास्टर घालून आणले, की पोलिसठाण्याची पायरी कोणी चढत नाही; आणि तो प्रसंग त्या अहवालापर्यंत पोहोचत नाही.

फळीवरचा मुलगा पादचारी, हे एकदा मान्य केले, की त्याची जागा पदपथावर ठरते आणि पदपथ देणे हे नगराचे काम होते. चेन्नई महानगरपालिकेने 2014 साली यंत्रविरहित वाहतुकीचे धोरण स्वीकारले, त्यात वाहतुकीच्या खर्चाचा किमान 60 टक्के वाटा चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या सोयींसाठी राखण्याचा संकल्प होता. मात्र त्या पदपथावरही सायकल आणि फळी यांच्यामध्ये एक रेघ आखावीच लागेल. अन्यथा टकरीची जागा काय ती बदलेल.