अबू गरीबचा अहवाल आणि बाटानच्या कैद्याचा मुलगा

आजचा विषय जड आहे. आसपास लहान मुलं असतील तर हा भाग नंतर ऐका.

अबू गरीब म्हटलं की आपल्याला फोटो आठवतात. खोक्यावर उभा केलेला, तोंडावर बुरखा घातलेला, हातांना तारा बांधलेला कैदी. 28 एप्रिल 2004 रोजी सीबीएस वाहिनीनं हे फोटो दाखवले आणि बघता बघता ते जगभर गेले. आपल्या पेपरांतही आले. काही फोटोंत कैद्यांच्या शेजारी उभे राहून अंगठे दाखवत हसणारे सैनिक होते. ते बघून मी तेव्हा 'विकृत माणसं' असं म्हटलं आणि पान उलटलं. आज मला माझ्या त्याच वाक्याबद्दल बोलायचंय. कारण 'चार नासके आंबे' हा खुलासा अनेकांना सोयीचा होता.

त्यासाठी आधी एका माणसाची ओळख करून देतो. मेजर जनरल अँटोनियो टागुबा. जन्म 1950, मनिला. वडील तोमास हे अमेरिकी सैन्याच्या फिलिपिनो पलटणीत. एप्रिल 1942 मध्ये बाटानला शरणागती झाली, हजारो सैनिक जपान्यांच्या हाती लागले आणि त्यांना रणरणत्या उन्हात मैलोन् मैल चालवलं गेलं. तहानेनं, मारानं, संगिनींनी हजारो मेले. तोमास त्यातून निसटले, म्हणून हा मुलगा जन्माला आला. पुढे कुटुंब हवाईला गेलं, मुलगा अमेरिकी सैन्यात जनरल झाला. आणि जानेवारी 2004 च्या शेवटी, युद्धकैद्याच्या या मुलावर काम आलं ते आपल्याच सैन्यानं कैद्यांशी काय केलं याच्या चौकशीचं.

हे बाहेर कसं आलं? जो डार्बी नावाच्या एका साध्या सैनिकाला सहकाऱ्याकडून फोटोंची सीडी मिळाली. त्यानं ती लष्करी तपास विभागाकडे दिली. बस्, एवढंच. पण त्या 'एवढंच' साठी त्याला पुढे आपलं गाव सोडावं लागलं.

आता तुरुंग बघू. बगदादच्या पश्चिमेला असलेला हा तुरुंग सद्दामच्या काळातही छळ आणि फाशी यांसाठी कुप्रसिद्ध होता. अमेरिकेनं तोच वापरायला घेतला. ऑक्टोबर 2003 मध्ये तिथे 7,000 पर्यंत कैदी आणि पहारा द्यायला जेमतेम 90 लष्करी पोलीस. बरेचसे राखीव दलातले, तुरुंग चालवायचं धड प्रशिक्षण नसलेले. रेडक्रॉसच्या अहवालात तर असं आहे की, 70 ते 90 टक्के लोक चुकून पकडलेत, असा काही लष्करी गुप्तवार्ता अधिकाऱ्यांचाच अंदाज होता!

पण नुसत्या गर्दीनं छळ होत नाही. त्याआधी दोन वर्षं वरून दारं किलकिली होत होती. फेब्रुवारी 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवलं की अल-कायदा आणि तालिबानच्या कैद्यांना जिनिव्हा करारांचं संरक्षण लागू नाही. त्या डिसेंबरात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ग्वांटानामोसाठी कपडे काढणं, अवघडलेल्या स्थितीत उभं करणं, कुत्र्यांची भीती घालणं अशा गोष्टींना मंजुरी दिली. ती सहाएक आठवड्यांत मागे घेतली खरी, पण पद्धती प्रवास करत राहिल्या. ऑगस्ट 2003 च्या अखेरीस ग्वांटानामोचे प्रमुख जनरल मिलर इराकला आले आणि सल्ला दिला की पहारेकऱ्यांनी चौकशीसाठी कैद्यांची 'तयारी' करून द्यावी. म्हणजे ज्याचं काम कैद्याला सांभाळणं, त्यालाच कैद्याला वाकवायच्या कामाला जुंपलं. नोव्हेंबरात मनादेल अल-जमादी हा कैदी सीआयएच्या चौकशीदरम्यान मेला. लष्करी शवचिकित्सेनं तो मनुष्यवध ठरवला. त्याच्या मृतदेहाशेजारीही हसरे फोटो काढले गेले.

टागुबांनी महिन्याभरात अहवाल दिला आणि त्यात काही झाकलं नाही. मात्र त्यांना फक्त लष्करी पोलिसांच्या ब्रिगेडची चौकशी करायची मुभा होती. त्यावरच्या पायऱ्या चढायची नव्हती. मे 2004 मध्ये सिनेटपुढे त्यांनी सांगितलं की अशा वागणुकीचा थेट हुकूम आम्हाला सापडला नाही, नेतृत्व मात्र अपयशी ठरलं. प्रामाणिक उत्तर होतं ते. पण ज्या खोलीत जायची परवानगीच नाही, तिथलं काय सापडणार?

शिक्षा कुणाला झाल्या? 11 सैनिकांना. सगळ्यात मोठी, 10 वर्षांची, चार्ल्स ग्रेनरला. ब्रिगेडप्रमुख जॅनिस कार्पिन्स्की यांचा हुद्दा एका पायरीनं घटवला. खटला चाललेला एकमेव अधिकारी छळाच्या आरोपातून सुटला.

आणि टागुबा? त्यांनी पत्रकार सेमूर हर्श यांना सांगितलं की 2006 च्या जानेवारीत वरून फोन आला, वर्षभरात निवृत्त व्हा. कारण दिलं नाही. 2008 मध्ये, गणवेश उतरल्यावर, कैद्यांच्या वैद्यकीय तपासण्यांवरच्या एका अहवालाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिलं की सरकारनं युद्धगुन्हे केले यात आता शंका नाही. प्रश्न एवढाच की हुकूम देणाऱ्यांना जाब विचारला जाईल का.

त्या सैनिकांचा गुन्हा मी कमी करत नाहीये. हसणारे तेच होते. पण मी 2004 मध्ये पान उलटलं, तेव्हा फोटोच्या चौकटीत जे नव्हते ते सगळे माझ्याही नजरेतून सुटले.

थोडासा न्याय झाला, पण फार उशिरा. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीनं तिथे राहिलेल्या तीन इराकींच्या बाजूनं निकाल दिला: चौकशीसाठी माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपनीनं 4 कोटी 20 लाख डॉलर द्यावेत. दावा 2008 चा होता. सोळा वर्षं ते तिघं त्यासाठी थांबले होते.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.