न उतरलेल्या विमानाची जागा

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. पूर्व-पश्चिम गेलेली मुख्य धावपट्टी 09-27 साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी 14-32 तिच्याहून सुमारे पाचशे मीटरने आखूड. तरीही मुंबईचा पराक्रम सांगितला जातो तो एका धावपट्टीचा. डिसेंबर 2018 मध्ये इथे 24 तासांत 1,007 विमानांची ये-जा झाली, तेव्हाही विक्रम मोजला गेला तो एकाच धावपट्टीवरून चालणाऱ्या विमानतळाचा. दुसरी जागेवर होती, पण बरोबरीने वापरात नव्हती. दोन धावपट्ट्या असून एकीचेच काम मिळावे, याचा दोष सहसा त्या फुलीला दिला जातो. माझ्या मते अडचण त्याहून वर, हवेत आहे. छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर दोन विमानांत किती अंतर हवे याचे नियम जगभर आधी उतरणाऱ्या विमानासाठी लिहिले गेले. ऐन वेळी न उतरता पुन्हा वर जाणाऱ्या विमानासाठी त्या हिशेबात बराच काळ जागाच नव्हती.

धावपट्ट्या एकमेकींवर आडव्या घातल्या त्या निष्काळजीपणाने नव्हेत. सुरुवातीची विमाने हलकी असत आणि बाजूचा वारा त्यांना सहज कलंडवी, म्हणून वैमानिक वाऱ्याला सामोरा जाऊन उतरे. गवताळ मैदानावर वारा असेल त्या दिशेने उतरता येई. विमाने जड झाली, जमीन पक्की करावी लागली आणि दिशा काँक्रीटमध्ये गोठल्या. मग उपाय एकच उरला : दोन-तीन दिशांना धावपट्ट्या बांधायच्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ठरवलेला नमुना तीन धावपट्ट्यांचा होता. मुख्य 2,000 यार्डांची, उरलेल्या दोन 1,400 यार्डांच्या, एकमेकींशी साधारण 60 अंशांत. कमी जागेत सगळ्या वाऱ्यांची सोय होई. मुंबईत 1928 पासूनच्या जुहूच्या विमानतळावरही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि युद्धकाळात हवाई दलाने वापरलेल्या सांताक्रूझच्या तळावरून आजचा विमानतळ वाढला. त्या काळी वाहतूकच इतकी तुरळक होती की दोन विमाने एकाच वेळी फुलीवर येण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

जेट आले आणि हे गणित फिरले. जड जेटला बाजूचा वारा बराचसा सोसतो, म्हणजे आडव्या धावपट्टीची मूळ गरज घटली आणि गर्दी मात्र वाढली. मग वाऱ्यासाठी बांधलेली दुसरी धावपट्टी क्षमता वाढवण्यासाठी वापरावी, हा विचार साहजिक होता. अमेरिकेत 1968 पासून छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर एकाच वेळी विमाने उतरवण्या-उडवण्याची रीतसर पद्धत सुरू झाली. तिचा गाभा वेळेचा आहे. उतरायला आलेले जेट 140 नॉटच्या आसपास वेगाने येते, म्हणजे एक सागरी मैल साधारण 26 सेकंदांत. ते धावपट्टीच्या उंबरठ्यापासून दोन मैलांवर असेल तर टॉवरमधल्या नियंत्रकाच्या हाती उणीपुरी 52 सेकंदे उरतात. तेवढ्यात आडव्या धावपट्टीवरच्या विमानाला परवानगी द्यायची, वैमानिकाने ती उलट वाचून दाखवायची, इंजिनांनी जोर धरायचा आणि विमानाने फुली ओलांडायची. वैमानिकाने परवानगी पुन्हा विचारली किंवा धाव सुरू करायला दहा सेकंदे जास्त घेतली, की आखलेले अंतर वितळू लागते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट लुईसमध्ये यावर एक सुंदर तोड निघाली. एका धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाची सावली रडारच्या पडद्यावर दुसऱ्या धावपट्टीच्या रेषेवर पाडायची, म्हणजे दोन रांगांतले अंतर एकाच रांगेतले असल्यासारखे डोळ्यांनी जोखता येते.

पण ती सावलीही विमान उतरणार हेच गृहीत धरून पुढे सरकते. पुढचे विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडले नाही, वारा अचानक फिरला, चाके टेकण्याआधी वैमानिकाला शंका आली, तर तो न उतरता पुन्हा वर जातो, म्हणजे गो-अराउंड करतो. हा सुरक्षेचा सर्वांत भरवशाचा हक्क आहे आणि तो बजावायला वैमानिकाने कधीही कचरू नये. मात्र छेदणाऱ्या मार्गांवर हाच हक्क दुसऱ्या विमानाच्या वाटेत जातो. फुलीच्या अलीकडे थांबण्याच्या अटीवर उतरायला 1990 च्या दशकात अमेरिकी वैमानिकांच्या संघटनेने जो विरोध केला, त्यात हाच मुद्दा होता : थांबता आले नाही आणि वर जावे लागले, तर जायचे कुठे? पुढे कोरडी धावपट्टी, पुरेशी दृश्यता आणि नकार देण्याची मुभा अशा अटी पक्क्या झाल्या. तरी 2013 मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाला याच धोक्याबद्दल पुन्हा पत्र लिहावे लागले. लास व्हेगाससारख्या ठिकाणी गो-अराउंड करणारे विमान दुसऱ्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानाच्या धोकादायक रीतीने जवळ आले होते. त्या पत्रातला धडा असा, की जमिनीवर न छेदणाऱ्या धावपट्ट्यांचेही हवेतले मार्ग छेदू शकतात. त्यानंतर नियम बदलले. येणारे विमान ठरावीक पट्ट्यात असताना दुसरीकडून उड्डाण सोडायचे नाही, असे ठरत गेले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. वैमानिकांना डोळे आहेत, नियंत्रक काचेतून बघत असतो, आणि इतक्या वर्षांत अशा टकरी जवळजवळ झालेल्याच नाहीत. बोस्टनचा 9 जून 2005 चा प्रसंग या बाजूने दाखवता येतो. दोन प्रवासी विमानांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर जवळपास एकाच वेळी उड्डाणाची परवानगी मिळाली. एकाच्या सहवैमानिकाला दुसरे दिसले, त्याने नाक उचलू दिले नाही आणि दुसरे विमान वरून निघून गेले. डोळ्यांनी शेकडो जीव वाचवले, हे खरेच. पण तिथे दोन्ही विमाने जमिनीवर, सपाटीत, समोर बघत धावत होती. गो-अराउंडमध्ये नाक वर असते, खालचा-बाजूचा भाग झाकला जातो आणि हात फ्लॅप, चाके, इंजिन यांत गुंतलेले असतात. जी वेळ डोळ्यांची सर्वांत गरजेची, तीच त्यांच्यासाठी सर्वांत अवघड. टकरी झाल्या नाहीत एवढ्यावरून अंतर पुरेसे होते असे सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप क्षमतेचा : एवढे अंतर राखले तर दुसरी धावपट्टी वाया जाते. त्याला मुंबईनेच उत्तर दिले आहे. 2006 नंतर काही वर्षे इथे गर्दीच्या तासांत दोन्ही धावपट्ट्या मिळून चालवून पाहिल्या. पण प्रत्येक येणाऱ्यासाठी दुसरीकडे राखावी लागणारी पोकळी मोजली, तर एकीवरच नेटकी रांग लावणे जास्त फायद्याचे ठरले. फुलीची आणखी एक किंमत आहे. फेब्रुवारी-मार्च 2019 मध्ये नेमक्या त्या छेदाचे डांबरीकरण करायचे होते, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस, दिवसाचे सहा तास दोन्ही धावपट्ट्या एकदमच बंद ठेवाव्या लागल्या.

शिकागोच्या ओहेअर विमानतळाने 2005 नंतर कर्णरेषेतल्या दोन धावपट्ट्या बंद केल्या आणि पूर्व-पश्चिम सहा समांतर धावपट्ट्यांची रचना उभी केली. नवी मुंबईच्या विमानतळाचा आराखडाही दोन समांतर धावपट्ट्यांचा आहे. समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवायची, तर आंतरराष्ट्रीय नियमांची एक अट अशी : दोन्हींचे गो-अराउंडचे मार्ग एकमेकांपासून निदान 30 अंशांनी दूर वळलेले हवेत. इथे न उतरणाऱ्या विमानाची वाट आधी आखली जाते, आणि मगच दोघांना एकदम उतरू देतात.