ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील निवारा आणि अर्थस्थैर्य : सहकारी संस्थांच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी अन्न व वस्त्र यांची तजवीज मासिक उत्पन्नातून होऊ शकते. निवाऱ्यासाठी मात्र अनेक वर्षांची बचत, कर्ज आणि जमिनीवरील कायदेशीर हक्क या तिन्हींची सांगड घालावी लागते. मर्यादित उत्पन्नाच्या व्यक्तीला ही सांगड एकट्याने घालणे कठीण असते. त्यामुळेच नफ्याऐवजी सभासदांची गरज हे उद्दिष्ट मानणाऱ्या संस्थांना निवाऱ्याच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांत हे कार्य प्रामुख्याने सहकारी गृहनिर्माण संस्था, पगारदारांच्या पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका यांनी केले. या संस्थांनी सामान्य माणसाला घर मिळवून दिले. परंतु त्या घराखालची जमीन मिळवून देण्यात त्यांना कितपत यश आले, हा प्रस्तुत लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील सहकारी गृहनिर्माणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे.
२) बचत व पतपुरवठा करणाऱ्या संस्थांची कार्यपद्धती समजून घेणे.
३) या चळवळीचे यश व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भारतातील सहकारी चळवळीला १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने वैधानिक अधिष्ठान मिळाले. हा कायदा मुख्यतः पतपुरवठ्यापुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या संस्थांनाही नोंदणीचा मार्ग खुला केला. त्याचा लाभ घेऊन १९१५ मध्ये मुंबईतील गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक होत. ज्ञातिबांधवांनी एकत्र येऊन घरांचा प्रश्न सोडविण्याचा हा आदर्श पुढे अनेक समाजांनी स्वीकारला. १९२५ मध्ये मुंबई प्रांताचा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा झाला, तर राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अस्तित्वात आला.

दरम्यान, मुंबईत भाड्याची घरे दुर्मीळ होऊ लागली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० मधील भाडी आधारभूत मानली. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे मालकाला लाभदायक राहिले नाही. जुन्या चाळींची दुरुस्ती मागे पडली आणि पागडीची प्रथा रूढ झाली. पागडी भरण्याची ऐपत नसलेला गिरण्या, रेल्वे व सरकारी कचेऱ्यांतील नोकरदार मुंबईबाहेर सरकू लागला.

त्याला वाट करून दिली ती रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्यात वागळे औद्योगिक वसाहत उभारली. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक क्षेत्र विकसित झाले. १९८२ मध्ये ठाणे व १९८३ मध्ये कल्याण येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. डोंबिवलीचा समावेश कल्याण महानगरपालिकेत करण्यात आला. १९९१ मध्ये सुमारे ८ लाख असलेली ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर गेली. याच जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती.

बचत व पतपुरवठा :

घर घेण्यासाठी प्रथम हाती रक्कम असावी लागते. नोकरदारांच्या बाबतीत ही गरज पगारदारांच्या पतसंस्थांनी भागविली. सभासदाच्या वेतनातून दरमहा ठरावीक वर्गणी कापली जाई. ती त्याची सक्तीची बचत असे आणि त्याच साठ्यातून गरजू सभासदाला कर्ज मिळे. सहकार कायद्याच्या कलम ४९ अन्वये सभासदाच्या लेखी संमतीने कर्जाचा हप्ता वेतनातून कापण्याची तरतूद आहे. वेतनकपात आणि सहकारी सभासदांचा जामीन या दोन आधारांमुळे तारण ठेवण्यास काही नसलेल्या कारकुनालाही कर्ज मिळू शकले. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ त्यामुळे टळली.

दुसरा टप्पा नागरी सहकारी बँकांचा होय. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ मध्ये ठाणे जनता सहकारी बँक आणि १९७३ मध्ये कल्याण जनता सहकारी बँक स्थापन झाली. अवघ्या चार वर्षांत या तीन शहरांत तीन बँका उभ्या राहाव्यात, ही बाब बोलकी आहे. गृहकर्जाला वाहिलेली खाजगी वित्तसंस्था देशात १९७७ मध्ये आली. त्याआधीच येथील मध्यमवर्गाने आपल्या ठेवींतून आपल्याच शेजाऱ्याला पतपुरवठा करणारी व्यवस्था निर्माण केली होती.

या व्यवस्थेला जोखीमही होती. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकली. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि त्याच वर्षी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. परस्परविश्वासाला काटेकोर देखरेखीची जोड नसेल, तर बचतदारच भरडला जातो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

सदनिका मिळाली, जमीन राहिली :

प्रारंभीच्या गृहनिर्माण संस्थांत सभासद आधी एकत्र येत, संस्था जमीन खरेदी करी आणि मग इमारत उभी राही. साहजिकच जमीन पहिल्या दिवसापासून संस्थेच्या मालकीची असे. साठच्या दशकापासून हा क्रम उलटला. बिल्डर इमारत बांधू लागला, सदनिका विकू लागला आणि खरेदीदारांची संस्था सर्वांत शेवटी नोंदली जाऊ लागली.

या व्यवहारातील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, १९६३ करण्यात आला. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली. संस्था नोंदविणे आणि जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण करून देणे ही प्रवर्तकाची जबाबदारी ठरविण्यात आली. करारात मुदत नमूद नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून ४ महिन्यांत अभिहस्तांतरण होणे नियमानुसार आवश्यक होते. प्रत्यक्षात असंख्य संस्थांना ते मिळाले नाही. सभासदाच्या हाती भागपत्र होते, कर्जाचे सर्व हप्ते फिटले होते. परंतु सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव मूळ जमीनमालकाचेच राहिले.

इमारत नवी असेतो ही उणीव जाणवत नाही. ती जीर्ण झाली की पुनर्विकासाचा प्रश्न येतो आणि जमिनीवर हक्क नसलेली संस्था हतबल होते. या पार्श्वभूमीवर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद केली. प्रवर्तकाने टाळाटाळ केल्यास संस्थेला थेट जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येऊ लागला. ठाणे जिल्ह्यातील गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनने या प्रक्रियेबाबत संस्थांना मार्गदर्शन केले. कायद्यातील तरतूद आणि कागदपत्रांना बिचकणारी मानद कार्यकारिणी यांतील अंतर कमी करणे, हे अशा शिखर संस्थांचे खरे योगदान होय.

या प्रश्नात केवळ मालमत्ता नव्हे, तर जीवितही पणाला लागलेले असते. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत आणि त्याच्या पुढील आठवड्यात ठाण्यातील नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला होता. आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सभासदाने बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के निक्षेप निधी व ०.७५ टक्के दुरुस्ती निधी दरवर्षी द्यावयाचा असतो. मासिक शुल्क कमी ठेवण्याच्या आग्रहापायी या निधींकडे दुर्लक्ष करणे म्हणजे आजची बचत उद्याच्या निवाऱ्यातून वजा करणे होय.

चळवळीच्या मर्यादा :

वेतनचिठ्ठी आणि जामीनदार हे सहकारी पतपुरवठ्याचे दोन्ही आधार असंघटित कामगाराकडे नव्हते. घरकाम करणारी स्त्री, नाका-कामगार, फेरीवाला हे बहुधा भिशीवर विसंबून राहिले. १९९७ च्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेने व पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने महिलांच्या बचत गटांना चालना दिली. परंतु अशा गटाच्या लहान कर्जातून आजारपण वा शाळेचा खर्च निघतो. शहरातील घर उभे राहत नाही.

स्वस्त घराच्या शोधात असलेला हा वर्ग फसवणुकीला सहज बळी पडतो. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. बेकायदेशीरपणा प्रवर्तकांचा असला, तरी बेघर होण्याची टांगती तलवार आली ती आयुष्याची बचत ओतणाऱ्या कुटुंबांवर. खरेदीपूर्वी कागदपत्रे तपासून देणारी विश्वासार्ह सामुदायिक यंत्रणा असती, तर यांतील काही कुटुंबे तरी वाचली असती.

निष्कर्ष :

१) ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील नोकरदार मध्यमवर्गाच्या निवाऱ्याला पतसंस्था, नागरी बँका आणि गृहनिर्माण संस्था यांचा मोठा आधार लाभला.
२) संस्था जमिनीपूर्वी स्थापन होण्याऐवजी इमारतीनंतर स्थापन होऊ लागल्याने सभासदाचा निवारा कायदेशीरदृष्ट्या अपुरा राहिला.
३) मानीव अभिहस्तांतरण हा उपयुक्त उपाय असला, तरी त्यासाठी कार्यकारिणीचे प्रशिक्षण व फेडरेशनचे साहाय्य आवश्यक आहे.
४) असंघटित वर्गासाठी बचत गट, पतपुरवठा आणि कायदेशीर सल्ला यांना एकत्र आणणाऱ्या संस्थांची उणीव आजही आहे.

सारांश, घराची किल्ली हाती येणे म्हणजे निवाऱ्याचे स्थैर्य नव्हे. बचत सुरक्षित, इमारत सुदृढ आणि जमीन स्वतःच्या संस्थेच्या नावावर असेल तेव्हाच ते लाभते. पहिल्या पिढीने एकत्र येऊन घर मिळविले. त्या घराखालची जमीन मिळविण्याचे कार्य पुढील पिढीला तितक्याच एकजुटीने पूर्ण करावे लागेल.