विद्यार्थ्यांची फुगे-परिषद : आधी वारा, मग सभागृह

हवामान खाते वापरते तशा रबरी फुग्यात हेलियम भरून, त्याखाली पॅराशूट आणि एक-दोन किलो वजनाची उपकरणपेटी बांधून तो आकाशात सोडला, तर दीड-दोन तासांत तो सुमारे ३० किलोमीटर उंची गाठतो. तेथे हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या जेमतेम एक टक्का उरतो. प्रसरण पावत गेलेला फुगा अखेर फुटतो आणि पेटी पॅराशूटच्या आधारे खाली येते. उपग्रहाच्या तुलनेत अत्यल्प खर्चात स्थितांबरापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला आहे. अमेरिकेत या विषयाच्या शैक्षणिक परिषदा भरतात. तेथे २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणावेळी पन्नासहून अधिक विद्यार्थी पथकांनी असे फुगे सोडले होते.

भारतातही या विद्येची परंपरा जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील बलून केंद्र अनेक दशके कार्यरत आहे. जानेवारी २००१ मध्ये तेथूनच सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. या प्रयोगामागे डॉ. जयंत नारळीकर यांची प्रेरणा होती. २००५ च्या पुढील उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती आढळल्या. त्यांना फ्रेड हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांच्या स्मरणार्थ नावे देण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रामेश्वरम येथून शालेय विद्यार्थ्यांनी घडविलेले शंभर लघुउपग्रह फुग्यांद्वारे सोडण्यात आले. त्यात महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचाही सहभाग होता.

अशा प्रयत्नांना शोधनिबंधांची आणि परस्पर चर्चेची जोड द्यायची, तर परिषद हवी. मात्र तिचे नियोजन इतर परिषदांसारखे करून चालत नाही. एरवी सभागृह, पाहुणे आणि सुट्ट्या पाहून तारीख ठरते. येथे प्रत्यक्ष उड्डाण हाच परिषदेचा गाभा असल्याने तारीख आणि स्थळ प्रथम आकाश ठरवते.

उज्जैनचे उदाहरण घेता येईल. प्राचीन भारतीय ज्योतिषगणिताची मध्यरेषा या नगरीतून जात असे. सवाई जयसिंगांची वेधशाळा येथे आहे आणि जवळच डोंगला येथे कर्कवृत्तानजीक आधुनिक वेधशाळाही उभी आहे. परिषदेसाठी याहून अर्थपूर्ण पार्श्वभूमी क्वचितच मिळेल. पण हिवाळा ऐन भरात असताना माळव्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यात सापडलेली पेटी शंभर किलोमीटरहून दूर, भोपाळच्या दिशेने वाहत जाऊ शकते. पावसाळ्यात ढग आणि चिखल आडवे येतात. मोसमी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारे तुलनेने मंद असतात आणि सोयाबीनची कापणी उरकल्याने बहुतांश शेते मोकळी असतात. पेटी शोधणे आणि शेतकऱ्याचे नुकसान टाळणे, दोन्ही तेव्हा सोपे जाते.

याच सुमारास कार्तिकस्नानासाठी क्षिप्रेच्या राम घाटावर भाविकांची दाटी होते. पौर्णिमेच्या दिवसांत निवासाची सोय मिळणेही दुरापास्त ठरते. म्हणून पंचांग पाहूनच तारीख निश्चित करावी लागेल. २०२८ च्या सिंहस्थ काळात तर अशा परिषदेचा विचारही नको. घाट प्रतिनिधींच्या सायंकाळच्या भेटीसाठी योग्य आहे. उड्डाणासाठी मात्र शहराबाहेरचे, विजेच्या तारांपासून दूर असलेले मैदानच हवे.

दुसरा टप्पा परवानग्यांचा. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत उपकरणांचे एकूण वजन चार किलोपेक्षा कमी असलेला फुगा हलक्या वर्गात मोडतो. म्हणून सर्व पथकांना ही मर्यादा आरंभीच कळवावी. तरीही हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय अनिवार्य असतो. उज्जैनच्या बाबतीत इंदूर आणि भोपाळ या दोन विमानतळांचा विचार करावा लागेल. पेटीतील रेडिओ प्रक्षेपकासाठीही परवाना लागतो. ही प्रक्रिया काही महिने आधी सुरू करावी आणि शोधनिबंध मागविण्याचे वेळापत्रक तिला जोडून आखावे.

तिसरा टप्पा तांत्रिक तपासणीचा. अनेक जीपीएस यंत्रे १८ किलोमीटरच्या वर काम थांबवतात. उष्ण कटिबंधात १६-१७ किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ७० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते आणि बॅटऱ्या मंदावतात. म्हणून परिषदेचा पहिला दिवस तपासणी आणि कार्यशाळांसाठी, दुसरा उड्डाणासाठी, तिसरा निष्कर्षांसाठी ठेवणे हितावह असते. त्यापुढे एक दिवस राखीव असावा. वारा प्रतिकूल असेल तर उड्डाण पुढे ढकलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावा. फसलेल्या उड्डाणांवर स्वतंत्र सत्र ठेवल्यास नव्या पथकांना त्याचा सर्वाधिक लाभ होतो.

गोमंतकीय महाविद्यालयांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या चिंचोळ्या राज्यातून सोडलेली पेटी वाऱ्याच्या दिशेनुसार समुद्रात किंवा सह्याद्रीच्या रानात पडण्याचा धोका मोठा. शिवाय दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांमुळे आकाशही गजबजलेले आहे. त्यामुळे येथील पथकांनी उपकरणे घरी घडवावीत आणि उड्डाण मात्र अंतर्भागातील सामायिक परिषदेत करावे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. पूर्वतयारीसाठी साधन हाताशी आहे : भारतीय हवामान खात्याच्या पणजी आणि भोपाळ येथील केंद्रांवरून हवामान-फुगे सोडून वरच्या थरांतील वाऱ्यांची नोंद घेतली जाते. मागील काही वर्षांच्या या नोंदी अभ्यासून उड्डाणाचा आठवडा निवडणे, हे विद्यार्थ्यांना परिषदेपूर्वीच करता येण्याजोगे पहिले संशोधन होय.