लाखोळीचं वरण: एका स्वस्त डाळीचा इतिहास

आजचा एपिसोड डाळीवर आहे. हसू नका, २०१५ ची दिवाळी आठवून बघा. तूर डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो आणि मेसवाल्या काकूंनी वरण इतकं पातळ केलं होतं की वाटीचा तळ दिसायचा. घरोघरी तेच गणित चालू होतं: तूर अर्धी, मसूर अर्धी, नाहीतर आठवड्यातून दोन दिवस नुसतं बेसन. आणि त्याच काळात, जानेवारी २०१६ मध्ये, एक बातमी आली. कित्येक वर्षं विक्रीला बंदी असलेली एक डाळ परत बाजारात आणायचा विचार दिल्लीत चालू आहे म्हणे.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना ही डाळ माहीतच नव्हती. हिंदीत खेसारी, तिवडा. आपल्याकडे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ती लाख, लाखोळी, लाखोरी. मी आजीला फोनवर विचारलं. ती भंडारा जिल्ह्यातली. ती म्हणाली, "बंदी? कायची बंदी बाप्पा? आमी तं लहानपणापासून खातच आलो." मग म्हटलं, हे नीट वाचून काढू. वाचत गेलो तर प्रकरण फारच खोल निघालं.

आधी ही डाळ स्वस्त का, ते बघू. पूर्व विदर्भ म्हणजे धानाचा पट्टा. पावसाळ्यात बांधीत पाणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, धान उभं असतानाच, शेतकरी त्या ओल्या चिखलात लाखोळीचं बी फेकतो. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. धान कापून नेलं की खालून लाखोळी वर येते आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत तयार होते. पाणी साचलं तरी तगते, अजिबात पाऊस नाही आला तरी तगते. कोवळा पाला भाजीला जातो, कुटार जनावरांना, आणि दाण्यात प्रथिनं १०० ग्रॅमला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे तुरीपेक्षा जास्तच. ज्याच्याकडे विहीर नाही, पैसा नाही, त्याच्यासाठी हे जवळपास फुकटात मिळालेलं दुसरं पीक.

आता दुसरी बाजू. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी सागर-जबलपूर भागात होता. नागपूरहून वर गेलं की जो मुलूख लागतो, तोच. त्याचं आठवणींचं पुस्तक १८४४ मध्ये आलं. त्यात सागरकडच्या एका गावाची हकीकत आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये पाऊस वेळेवर नाही. १८३१ मध्ये गव्हावर रोग. तिन्ही वर्षं एकच पीक उभं राहिलं: लाख. लोकांनी तीच खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतंच. १८३३ पासून गावातल्या माणसांचे कमरेखालचे पाय जायला लागले. त्यातही तिशीच्या आतली पोरं जास्त. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठायचा तो पायातली ताकद गेलेला.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. पायाचे स्नायू ताठ होतात, माणूस चवड्यांवर, पाय एकमेकांत अडकवत, काठीच्या आधाराने चालतो, पुढे तेही जमत नाही. दुखत नाही, डोकं शाबूत राहतं, जीव सहसा जात नाही. पण गेलेले पाय परत येत नाहीत. आपल्याकडे हे जुनं ज्ञान आहे. सुश्रुतसंहितेत 'कलायखंज' नावाचा विकार आहे. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचं कडधान्य, खंज म्हणजे लंगडा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. नागपूर त्या प्रांताची राजधानी. १८९६ ते १९०२ या काळात इथे लॅथिरिझमचे इतके रोगी दिसले की बुकॅनन नावाच्या अधिकाऱ्याने त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. आणि हे फक्त आपल्याच भागाचं दुखणं होतं असंही नाही. १८११-१२ मध्ये माद्रिदला उपासमार झाली तेव्हा तिथल्या लोकांनी याच दाण्याच्या पिठाची लापशी खाल्ली. गोया या चित्रकाराने त्यावर एक चित्र कोरून ठेवलंय, त्यात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांच्या खाद्यातली लाख रोज खायला घातली. कैद्यांमधलाच एक डॉक्टर, आर्थर केसलर, त्याने रोग ओळखला आणि ती खाणं थांबवायला लावलं. तोवर शेकडो लोकांचे पाय गेले होते.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. सागर, मध्य प्रांत, माद्रिद, छावणी. लाख सगळीकडे आहे, पण ताटात *फक्त* लाख आहे, हेही सगळीकडे आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम एकाच सर्व्हरवर चालू होती.

विज्ञानाने हे बरंच नंतर सांगितलं. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखेतला विषारी घटक वेगळा काढला. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. आपल्या मज्जातंतूंत निरोप पोचवणारं ग्लुटामेट नावाचं रसायन असतं. ओडॅप त्याच्यासारखंच दिसतं, त्याच्याच कुलपात चावी म्हणून बसतं, आणि पेशीला सतत चालू ठेवून थकवून मारतं. पण त्याला प्रमाण लागतं. रोजच्या खाण्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखेचा असेल आणि असं तीन-चार महिने सलग चाललं, तर धोका. दाणे गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं की विषाचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. शिवाय लाखेत जी गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी आहेत ती तांदळात मिळतात, आणि ती पोटात असली तर धोका कमी होतो असं अभ्यासक सांगतात.

म्हणजे आजीच्या घरचं जेवण बघा. लाखोळी भिजवायची, ते पाणी बाहेर टाकायचं, मग शिजवायची. वर लसूण-मिरचीची फोडणी. ते वरण भातावर, सोबत एखादी पालेभाजी, जमलं तर ताक. कधी वाटून वडे. तिला ओडॅप शब्द माहीत नाही. पाणी का फेकता म्हटलं तर म्हणते, "तसंच करतेत." अशाने पूर्व विदर्भात पिढ्यानपिढ्या लोकांनी ही डाळ खाल्ली आणि चालत राहिले.

पण सगळ्यांच्या नशिबी हे ताट नव्हतं, आणि हे मला सोडून द्यायचं नाही. मध्य प्रदेशातल्या रीवा, सतना भागात जमीनदार शेतमजुरांना मजुरी म्हणून धान्य द्यायचे, आणि ते धान्य म्हणजे लाख. गहू मालकाच्या घरात, लाख सालदाराच्या पदरात. त्याने काय खायचं हे त्याच्या बायकोने चुलीपाशी ठरवलं नव्हतं, मालकाने खळ्यावर ठरवलं होतं. तिथे विसाव्या शतकातही हजारो माणसं लंगडी झाली. "आमच्याकडे तर कुणाला काही झालं नाही" असं कुणी म्हणालं की मला हे रीवा आठवतं.

१९६१ मध्ये केंद्राने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत लाखेच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली आणि बहुतेक राज्यांनी ती लागू केली. हेतू चांगला होता, पण मजुराला मजुरी कशात मिळते ते या नियमाने बदललं नाही. बांधीत लाखोळी उगवतच राहिली, कारण उतेऱ्याला तितकं सोपं दुसरं काही नव्हतं. फक्त तिचं नाव गेलं. नाव गेल्यावर ती कुठे गेली? तूर डाळीत आणि बेसनात. भेसळ म्हणून. लाखेचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनी असतो, निवडताना ओळखू येतो. पण पिठात काय ओळखणार? गावातली बाई लाखोळी आहे हे जाणून पाणी फेकत होती, आणि शहरात पाटोडीसाठी बेसन घेणाऱ्याला आपण काय खातोय याचा पत्ताच नव्हता. बंदीचा हा परिणाम मला सगळ्यात विचित्र वाटतो.

या बंदीविरुद्ध सगळ्यात जास्त कुणी भांडलं असेल तर आपल्या नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही त्यांची संस्था. त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, उपोषणं केली. म्हणणं एकच: ही गरिबाची प्रथिनं आहेत, शेतकऱ्याचं उत्पन्न आहे, आणि साधं खाणाऱ्याला यातून काही होत नाही. शेवटी २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने बंदी उठवली. (याच संस्थेने आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात केस लढवली, २०११ मध्ये निकालही लागला. तो वेगळा एपिसोड होईल.)

मला कोठारींचं अर्धं पटतं. तांदूळ आहे, भाजी आहे, महिन्यातून काही दिवस लाखोळी आहे, अशा घराला तिच्यापासून तोडण्यात अर्थ नाही. पण बजेट आणखी आवळलं की आपण काय करतो? जे स्वस्त ते वाढवतो, जे महाग ते काढतो. आधी भाजी जाते, मग ताक, मग तेल. तुरीच्या बाबतीत असं झालं तर माणूस अशक्त होतो. लाखेच्या बाबतीत असं झालं तर पाय जातात. म्हणून २०१६ मध्ये ज्या डॉक्टरांनी विरोध केला त्यांना मी वेड्यात काढणार नाही.

मधला रस्ता बियाण्याचा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'रतन' आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' व 'महातिवडा' हे कमी ओडॅपचे वाण काढलेत. त्यांच्याच जोरावर २०१६ ची ती चर्चा सुरू झाली होती. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र लाखेच्या विक्रीवरची बंदी तशीच लिहिलेली आहे. आणि शेतात एक अडचण आहेच. लाखेच्या फुलांवर मधमाश्या येतात, शेजारच्या बांधीत जुना वाण असेल तर दोन्हींचा संकर होतो, आणि शेतकरी घरचंच बी पुढच्या वर्षी फेकतो. त्यात दुष्काळी ताण पडला की दाण्यातलं ओडॅप वाढतं. म्हणजे ज्या वर्षी घरात दुसरं काही नसतं, नेमकं त्याच वर्षी.

तर तुमच्या घरी लाखोळी येत असेल तर रात्रभर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, परत भरपूर पाण्यात उकळा, तेही फेका, आणि मग फोडणी द्या. सोबत भात आणि भाजी असू द्या. रोज करू नका. पुढच्या रविवारी भेटू, विषय आहे सावजी मसाला.