गर्भाशयभ्रंश : शस्त्रक्रियेविना उपचार

श्रोणीतील अवयवांना खालून आधार देणारा स्नायूंचा पडदा (श्रोणितल) आणि गर्भाशयमुखास श्रोणीच्या भिंतींशी बांधून ठेवणारे बंध हे बाळंतपणातील ताणाने, वयोमानाने किंवा पोटात वारंवार वाढणाऱ्या दाबाने शिथिल झाले, म्हणजे गर्भाशय आपली जागा सोडून योनिमार्गात आणि पुढे त्याच्याही बाहेर उतरू लागते. या विकारास गर्भाशयभ्रंश म्हणतात. 'अंग बाहेर येणे' किंवा 'पिशवी खाली उतरणे' या नावांनी तो घरोघर माहीत आहे. ओटीपोटात जडपणा, कंबरदुखी, योनिद्वाराशी गोळा लागणे, लघवी पुरती न होणे किंवा खोकताना ती नकळत सुटणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. सकाळी उठल्यावर त्रास कमी असतो आणि दिवसभर उभ्याने काम केल्यावर सायंकाळी तो वाढतो, हा अनुभव रोगनिदानास पुष्कळ उपयोगी पडतो.

भ्रंशाची मोजदाद करण्याची जी पद्धत १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता पावली, तीत योनिद्वारातील पटल ही रेषा धरून अवयव तिच्या किती वर किंवा किती खाली आहेत हे सेंटिमीटरांत नोंदतात, आणि त्यावरून पहिली ते चौथी अशी पायरी ठरते. मात्र पायरी आणि पीडा यांचे प्रमाण नेहमी सारखे असत नाही. अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांच्या एका विस्तृत पाहणीत, गर्भाशय शाबूत असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांत त्याचा काही ना काही भ्रंश तपासणीत दिसला; परंतु गोळा जाणवतो अशी तक्रार करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्या देशातील दुसऱ्या एका पाहणीत शंभरात तीनच्या आसपास भरले. ज्या स्त्रीस काही त्रास नाही, तिला केवळ तपासणीच्या कागदावर भ्रंश नोंदला गेला एवढ्या सबबीवर उपचार करण्याचे कारण नाही. तिला धीर द्यावा, समजावून सांगावे आणि पुन्हा पाहावे.

शस्त्रक्रियेविना इलाज करण्याची परंपरा अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात योनिव्यापदांच्या (योनिरोगांच्या) चिकित्सेत खाली उतरलेला भाग तुपाने माखून, दुधाच्या वाफेने शेकून आत सारावा आणि औषधी मिश्रणाने द्वार झाकून वर पट्टा बांधावा, असा विधी सांगितलेला आहे. ग्रीक वैद्य स्त्रीला शिडीस उलटी बांधून हालवीत. हा क्रूर प्रकार दुसऱ्या शतकातील सोरानस या वैद्याने निषिद्ध ठरविला, आणि स्त्रीच्या देहाशी कसे वागावे याचा त्याचा विवेक आजही आदरास पात्र आहे. अर्ध्या डाळिंबाचा आधार आत बसविण्याची युक्तीही ग्रीकांचीच. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्रुआझ पारे याने पितळेचे आणि मेण लावलेल्या बुचाच्या लाकडाचे आधार घडविले. एकोणिसाव्या शतकात रबर गंधकाने टिकाऊ करण्याची कृती साधल्यावर फिलाडेल्फियाच्या ह्यू हॉज यांनी योनिमार्गाच्या वळणाबरहुकूम वाकविलेली पेसरी (आत बसवावयाचा आधार) प्रचारात आणली. आज ही साधने मुख्यतः सिलिकोनची असतात. ते दुर्गंध शोषीत नाही आणि उकळून निर्जंतुक करता येते.

पहिल्या व दुसऱ्या पायरीच्या भ्रंशात पहिला मान श्रोणितलाच्या व्यायामास द्यावा, असा आजचा वैद्यकीय कौल आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाचे पद्धतशीर विवेचन प्रसिद्ध केले. वायू सरू नये म्हणून ज्या स्नायूंना आपण आवरून धरतो, तेच स्नायू आत आणि वर ओढावयाचे, प्रथम तीन-चार सेकंद आणि सरावाने दहा सेकंदांपर्यंत धरावयाचे, तेवढाच वेळ सैल सोडावयाचे, आणि असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा करावयाचे. क्रिया दिसण्यास मामुली असली तरी तीत चुका फार होतात : कित्येक स्त्रिया नितंब व मांड्या आवळतात, कित्येक श्वास कोंडतात, आणि काहीजणी तर वर ओढण्याऐवजी खाली जोर करून दुखणे वाढवितात. म्हणून छापील पत्रक हाती देऊन मोकळे होणे हा उपचार नव्हे. शिकविणाऱ्या व्यक्तीने निदान एकदा तपासून स्नायू खरोखर आकुंचन पावतो की नाही याची खात्री केली पाहिजे. ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फिजिओथेरपिस्टच्या पाच भेटींत सोळा आठवड्यांत हा व्यायाम शिकलेल्या स्त्रियांचा त्रास वर्षअखेरीस इतर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला आढळला. पूर्ण बाहेर पडलेले गर्भाशय मात्र व्यायामाने जागेवर जात नाही, आणि तशी आशा कोणी कोणास दाखवू नये.

गर्भाशयाला प्रत्यक्ष आधार देणारे साधन म्हणजे पेसरी, किंवा दवाखान्यातील बोलीत रिंग. कंकणाकार रिंग सर्वांत प्रचलित. ती दुमडून आत सारतात आणि आत गेल्यावर ती उघडून बसते. भ्रंश मोठा असेल आणि साधी रिंग टिकत नसेल, तेव्हा दांडा असलेली गेलहॉर्न पेसरी वापरतात; परंतु ती असताना शरीरसंबंध शक्य नसतो, ही गोष्ट स्त्रीला अगोदरच सांगितली पाहिजे. बाजारात अनेक मापे मिळतात, आणि योग्य माप बोटांनी अजमावूनच ठरते. रिंग आणि योनीची भिंत यांमध्ये बोट सहज फिरावे. स्त्रीने उठून चालावे, उकिडवे बसावे, खोकावे, लघवी करून यावे, आणि एवढ्यावर रिंग जागची हलली नाही व टोचलीही नाही, तरच तिला घरी जाऊ द्यावे. पहिलेच माप बरोबर बसते असे नाही; दोनतीनदा बदलण्याची तयारी वैद्य आणि रुग्ण या दोघांनीही ठेवावी. नीट बसलेली रिंग तिला आत आहे हे जाणवूही देत नाही.

रिंगेची खरी कसोटी ती बसविल्यानंतर लागते. ज्या स्त्रीस जमते तिने ती स्वतः काढून, साबण-पाण्याने धुऊन पुन्हा बसवावी. २०२३ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी देखभाल स्वतः करणाऱ्या स्त्रियांना दवाखान्यावर विसंबणाऱ्यांपेक्षा उपद्रव कमी झाले. जिला हे जमत नाही, तिने तीन ते सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. थोडा पांढरा स्राव अपेक्षित आहे. रक्त, दुर्गंध किंवा वेदना असल्यास भिंतीस व्रण पडला असावा. रजोनिवृत्तीनंतर योनीची त्वचा पातळ होते, म्हणून वैद्याच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम लावतात. वर्षानुवर्षे विसरून राहिलेली रिंग मांसात रुतते आणि क्वचित मूत्राशयापर्यंत भोक पाडते. हा दोष हयगयीचा आहे, साधनाचा नव्हे. शस्त्रक्रिया व पेसरी यांची तुलना नेदरलँड्समध्ये ४४० स्त्रियांवर झाली : दोन वर्षांनंतर पेसरी दिलेल्या गटात सुमारे ७६ टक्के व शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ८२ टक्के स्त्रियांना बरे वाटले, तथापि पेसरीने आरंभ केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी त्या मुदतीत शस्त्रक्रिया करून घेतली. निवडीचा अधिकार स्त्रीच्याच हाती राहावा, म्हणून हे सगळे आकडे तिच्यापुढे ठेवावेत.

बद्धकोष्ठ दूर करणे, जुनाट खोकल्याचा इलाज करणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि जड ओझी टाळणे, हे उपाय जोडीला लागतात. बाळंतिणीस सव्वा महिना घराबाहेरच्या कष्टांपासून दूर ठेवण्याचा आपल्याकडील रिवाज या दृष्टीने हितकारक आहे. शेतमजूर स्त्रीला तो लाभत नाही, ही खेदाची बाब होय. बाहेर राहिलेल्या भागावर घर्षणाने व्रण झाला असल्यास प्रथम तो भाग आत सारून ग्लिसरीन-अॅक्रिफ्लेविनमध्ये भिजविलेली पट्टी ठेवतात. सूज उतरते, व्रण भरतो, मग रिंगेचा विचार करतात. गर्भाशय पूर्ण बाहेर पडून मूत्रवाहिन्या ताणल्या गेल्या आणि मूत्रपिंडांवर दाब आला, किंवा व्रण भरेना, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मुंबईने मोठे कार्य केले आहे. मूळचे गोव्यातील शिरोडा गावचे, मुंबईतील शस्त्रवैद्य विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता ते उचलून बांधण्याची जी शस्त्रक्रिया योजिली, ती ज्यांना अजून मुले हवी आहेत अशा स्त्रियांसाठी उपकारक ठरली. त्या मानाने रिंग व व्यायाम यांकडे दुर्लक्ष झाले. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ज्या स्त्रीला कधी कोणी तपासलेच नाही, तिच्यापुढे निमूटपणे सोसणे किंवा एकदाची पिशवी काढून टाकणे, एवढे दोनच मार्ग उरतात. बंध दुरुस्त न करता नुसते गर्भाशय काढले, तर पुढे योनीचा माथाच खाली उतरू शकतो, ही गोष्ट तिला बहुधा कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये रिंग बसविण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका व फिजिओथेरपिस्टही करतात. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेस हे शिक्षण, मापांचा एक संच आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावण्याची नोंदवही एवढी तजवीज करून दिली, तर पुष्कळ स्त्रियांना गावाच्या जवळच हा इलाज मिळू शकेल.