केसाने मोजलेली ओल

ओल हा अदृश्य पाहुणा आहे. तो केव्हा आला ते कळत नाही. भिंतीवर काळी बुरशी धरली आणि घरातल्या दमेकऱ्याला खोकल्याची उबळ येऊ लागली, म्हणजे त्याचा मुक्काम ध्यानात येतो. आपल्या आजोबा-पणजोबांना त्याची फारशी धास्ती नव्हती. त्यांचे न्हाणीघर परसात असे आणि बंबाच्या पाण्याची वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई. पुढे बिऱ्हाडे फ्लॅटात आली, न्हाणीघर निजण्याच्या खोलीला चिकटले आणि वाफ घरातच कोंडली. तिला बाहेर काढायला एक्झॉस्ट पंखा आला. पण तो लावायचा नि बंद करायचा कोणी? आता हे काम नखाएवढा एक सेन्सर करतो. त्याची वंशावळ शोधू लागलो तेव्हा मला मोठी मौज वाटली.

१४५० साली कूसाच्या निकोलस या जर्मन धर्मपंडिताने एक युक्ती लिहून ठेवली. तराजूच्या एका पारड्यात लोकर आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड ठेवावेत. हवा दमट झाली की लोकरीचे पारडे खाली जाते. १६६५ साली रॉबर्ट हूकने आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथात रानटी ओटचे कुसळ वापरले. ओल लागताच त्याचा पीळ उलगडतो आणि वर लावलेला काटा फिरतो. १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूरने तर माणसाचा केसच घेतला! तेलकटपणा काढलेला केस कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला, तर शेकडा दोनच्या आसपास लांबतो. या केसाच्या भरवशावर वेधशाळांनी शतकाहून अधिक काळ ओल मोजली.

१९३८ साली अमेरिकेत डनमोरने लिथियम क्लोराइड हा क्षार योजला. आपल्या बरणीतले मीठ पावसाळ्यात पाणझरते, तसाच तोही ओल शोषतो आणि विजेची वाट मोकळी करतो. १९७३ साली फिनलंडच्या वायसाला कंपनीने पॉलिमरचा पातळ पापुद्रा आणला. ओल शोषली की त्याची वीज साठवण्याची क्षमता बदलते. आजचे पुष्कळसे सेन्सर याच कुळातले.

मग सारे काम सेन्सरवर सोपवून मोकळे व्हावे काय? आमच्या कोकणात तसे चालणार नाही. पावसाळ्यात बाहेरची हवाच शेकडा ऐंशीच्या वर दमट. सत्तरावर चालू होणारा पंखा तिथे रात्रंदिवस फिरत राहील! म्हणून शहाणा सेन्सर आकडा न पाहता ओल एकाएकी किती चढली ते पाहतो, आणि जोडीला टाइमर असतो. आंघोळ आटोपली तरी ओल्या भिंती वाफ सोडतच राहतात. माणूस निघून गेल्यावरही पंखा थोडा वेळ चालावा, पण अखेरीस थांबावा, एवढी जबाबदारी त्याची. दाराखाली फट मात्र हवी; हवा आत आली नाही तर पंखा बाहेर काय फेकणार?

ओल किती, हे केसाच्या वंशजाने सांगावे. किती वेळ, हे घड्याळाने. दोघांचे पटले, म्हणजे भिंत कोरडी राहते आणि घरातली माणसे सुखाने श्वास घेतात.